जास्वंदीचा केसपेपर

आमच्या शेजारच्या कंपाउंडरकाकांइतका चिवट माणूस अख्ख्या जामखेड तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही तेच बरं. या एकाला सोसता सोसता माझे केस पिकले. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात औषधं घोटली, रिटायर झाल्यावर तरी माणसानं स्वस्थ बसावं की नाही? पण यांनी आमच्या दोन अंगणांमधल्या जास्वंदीच्या कुंपणाचाच वॉर्ड केला. सहा झाडं, सहा केसपेपर. कुठलं पान पिवळं पडलं, कुठली कळी गळली, सगळं त्यात टिपलेलं.

बहात्तर साली दुष्काळ पडला आणि त्यातच जास्वंदीवर चिकटा आला. पानांच्या बगलांत पांढरा कापूस, खोडावर मुंग्यांची रांग, कळ्या उमलायच्या आधीच गळायच्या. माझ्या गणपतीला फूल मिळेना. मी म्हटलं, काका, उपटा, जाळा, पाऊस झाला की नवी लावू. छे! त्यांनी तंबाखूचा काढा केला, बाटलीला कागदाची पट्टी चिकटवून डोसाच्या खुणा केल्या आणि दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर द्यायला लागले. जेवण अर्थात त्यांचं. रोज तंबाखू नेतात म्हणजे खातातच, असं समजून त्यांच्या चर्चच्या पाद्रीसाहेबांनी त्यांना बाजूला घेऊन समज दिली. हे मान खाली घालून ऐकून आले आणि येताना आणखी दोन पुड्या घेऊन आले. गावात प्यायला पाणी नव्हतं, तर आंघोळीचं पाणी झाडांना जावं म्हणून हे कुंपणाशी दगड टाकून तीन तांब्यांत आंघोळ करायचे, तीही रिठ्यानं, का तर रोग्याला साबण सोसत नाही, रिठा मात्र औषध.

खरा कहर केला तो छाटणीनं. किडलेल्या फांद्या कापल्या, ठीक. त्या जाळायच्या की नाही? पण फांदी जाळणं यांच्या जिवावर आलं. वर्तमानपत्रात गुंडाळून, लावा, जगेल, असं म्हणत त्या घरोघर वाटल्या. महिन्याभरात अख्ख्या आळीची जास्वंद पांढरी! आणि बायका भांडायला आल्या त्या माझ्याकडे. काकांकडे भांडायला गेलं की ते खुर्ची देऊन नाडी बघायचे.

मग मात्र मी इरेला पेटले. रविवारी ते प्रार्थनेहून आल्या आल्या मी त्यांच्यापुढे कुदळ टाकली. म्हटलं, आज एक तर ही झाडं राहतील, नाहीतर मी. पाच झाडं पार वाळलेली होती, ती त्यांनी मुकाट्यानं उपटू दिली. सहाव्यापाशी मात्र येऊन उकिडवे बसले आणि नखानं खोड जरासं खरवडलं. आत हिरवं होतं.

"पेशंट जित्ता हाय, बाई," ते म्हणाले. "माझ्या हातनं व्हायचं न्हाई. तुमी उपटा."

मी कुदळ उचलली. मग तिथंच टाकली आणि घरात जाऊन भांडी आपटत बसले. इतका राग आला होता की रडूच आलं.

पुढच्या वर्षी मुलगा त्यांना नाशिकला घेऊन गेला. टांगा दारात उभा, आणि हे मला सहावा केसपेपर वाचून दाखवतायत. शेवटची ओळ त्यांच्या त्या सुबक अक्षरात होती: 'प्रकृतीत सुधारणा. शेजारच्या बाईंच्या हवाली. औषध चालू ठेवणे.' म्हणजे आता झाड मेलं तर दोष माझ्या माथी!

काका तिकडेच वारले. औषध कधी बंद करायचं, ते सांगायचं राहूनच गेलं. म्हणून मी अजून त्या झाडासाठी रिठे भिजत घालते.