ऐकता येणारे नियम

वर्तमानपत्रातील अक्षरजुळणीची नोकरी सोडल्यानंतर मी शुक्रवार पेठेतल्या एका वाचनालयाचे संकेतस्थळ तयार केले. वाचनालयाच्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना वर्षभरासाठी जागा मिळते. त्यासाठीचा अर्ज यंदा पहिल्यांदाच ऑनलाइन होता. वाचनालयाने दिलेल्या नियमांचा मजकूर मी स्वतः जुळवला आणि दोनदा तपासला. एकही चूक नव्हती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक तरुणी वाचनालयात आली. सांगोल्याहून मावशीकडे राहायला आलेली, दृष्टिहीन. तिचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवत असे.

"सर, तुमची वेबसाइट मला इंग्रजीत शिव्या देतीया," ती म्हणाली.

तिने मोबाइल पुढे धरला. तो माझा पहिला नियम वाचू लागला: एफ, के, कंस, एल, तिरपी रेघ. माझ्या पडद्यावर त्याच जागी स्वच्छ मराठी होते. मोबाइल बिघडला असावा, असे मी सांगितले.

"बिघडला? मग ह्ये ऐका की." तिने डाळिंबाच्या बाजारभावाचा एक संदेश लावला. मोबाइलने तो न अडखळता मराठीत वाचला.

मला काही उलगडेना. मावशी अर्ज भरून देणार नाही का, असे विचारले.

"भरंल की. पन नियम मलाच कळाय नकोत व्हय? मावशीच्या दोन खोल्यांत आठ मानसं हायती, तितं अभ्यास व्हत न्हाय. जागा न्हाय मिळाली तर गावाकडं परत."

मी नियमाची एक ओळ उचलून कोऱ्या संदेशात टाकली. मराठी नाहीसे झाले. इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उरली. छपाईसाठी आम्ही वर्षानुवर्षे वापरलेला फाँट मी संकेतस्थळावरही वापरला होता. त्यात साठवली जातात ती इंग्रजी अक्षरे. मराठी असते ते फक्त त्यांचे दिसणे. कागदावर याने कधी काही बिघडले नव्हते. डोळ्यांनी तपासणाऱ्याला हे दिसणार तरी कसे, हे मला अजून सांगता येत नाही.

संपूर्ण मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, पुन्हा टाइप करायला बसलो. नव्या कळफलकाची बोटांना सवय नव्हती. ती शेजारच्या बाकावर बसून टाइप झालेला प्रत्येक नियम मोबाइलवर ऐकत होती.

"सर, लई हळू चाललंय तुमचं. अर्ज घ्यायचं पाचला बंद हुतंय न्हवं?"

सातवा नियम ऐकून ती थांबली. तिने तो पुन्हा लावला. अभ्यासिकेत मोबाइल वापरण्यास सक्त मनाई आहे.

"आता?" तिने विचारले. "नियम मान्य हायती म्हणून खूण करू का नको? खोटं न्हाय लिवायचं मला."

हा नियम मी दोनदा वाचला होता. त्यात मला काहीही खटकले नव्हते. वाचनालयाचे सचिव टेंभुर्णीला लग्नाला गेले होते, फोन उचलत नव्हते. आलेल्या मजकुराचा अर्थ आपल्या अधिकारात बदलायचा नाही, ही माझी नोकरीतली शिस्त. नियम तसाच ठेवला. त्याखाली एक नवा रकाना टाकला: 'यातील एखादा नियम पाळणे शक्य नसल्यास कारण लिहा.' असा रकाना टाकण्याचा अधिकार मला होता का, हेही मला माहीत नव्हते.

तिने स्वतः लिहिले: 'मी मोबाइलनेच वाचते. इअरफोन लावीन.' पाचला दहा मिनिटे कमी असताना अर्ज पोहोचला.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी विचारले, "मोबाइलनं वाचते म्हणजे नेमकं काय करते हो?" मी समजावू लागलो आणि अडखळलो. शेवटी त्यांनी तिलाच बोलावले, एक इअरफोन स्वतःच्या कानाला लावला, बराच वेळ ऐकले. तिला जागा मिळाली.

सातव्या नियमाचे काय करायचे, असे मी सचिवांना विचारले.

"असू द्या की. तिला दिलीय न्हवं परवानगी?"

नियम संकेतस्थळावर तसाच आहे. आता तो कोणत्याही मोबाइलवर स्पष्ट ऐकू येतो. तो ऐकून मोबाइलनेच वाचणारा पुढचा अर्जदार खालच्या रकान्यापर्यंत जाईल की तिथेच थांबेल, ते मला सांगता येत नाही.