क्रेनचा एक बोल्ट

सोफ्याखाली झाडू फिरवला की आमच्याकडे अजून एखादा नट निघतो, आणि नटाबरोबर एखादा किस्सा. मी चारचौघांत फार बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

आजोबा सरकारी नोकरीतून रिटायर होऊन आमच्याकडे नोएडाला आले, ते लोखंडी पट्ट्या, चाकं आणि नटबोल्टांचा त्यांच्या लहानपणीचा डबा घेऊन. दर रविवारी ते आणि शेजारचे भल्ला अंकल त्यातून पूल, क्रेन अशी मॉडेलं बनवायचे. मी प्रेक्षक! नियम एकच: "ज्यानं बोल्ट आवळला, त्यानंच तो खोलायचा."

*

एकदा अंकलनी एका गिअरसाठी आजोबांचा पूल गुपचूप खोलला. "अरे यार, पुल ही तो था!"

दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर अंकलच्या स्कूटरचा आरसा!

"शीशा ही तो था," आजोबा म्हणाले.

*

एकदा वॉशिंग मशीन खडखडायला लागलं. मेकॅनिकनं सगळं उघडून एक बोल्ट काढला. "आंटी, ये तो मशीन का है ही नहीं."

आईनं कपाळाला हात लावला. आजोबा मात्र आतून धावत आले, "सापडला! क्रेनचाच आहे!"

*

मग आजोबांच्या हातातून नट पडायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "हाथ कब से काँप रहे हैं?"

"हाथ ठीक हैं जी. आजकल के नट ही फिसलते हैं!"

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. आमचे नट साठ वर्षांपूर्वीचे आहेत.

*

त्यानंतर क्रेन मीच बांधली. आजोबा बोटानं दाखवायचे, मी आवळायचे. शेवटचा बोल्ट मात्र त्यांनी मागून घेतला. खूप वेळ लागला. मी भूगोलाचं पुस्तक उघडून बसले, पान न उलटता.

"झालं," ते म्हणाले. "आता हलणार नाही."

*

आजोबा गेल्यावर क्रेन टेबलावर तशीच होती. बोर्डाच्या अभ्यासाला मला ते टेबल हवं होतं, पण आई क्रेनला हात लावेना. शेवटी तिनं भल्ला अंकलना बोलावलं. त्यांनी पाना उचलला आणि परत ठेवला.

"बोल्ट किसने टाइट किए थे, बेटा?"

"मैंने."

"तो तू ही खोल."

मी खोलत गेले. अंकल एकेक पट्टी पुसून डब्यात ठेवत होते. शेवटी दोन पट्ट्या आणि त्यांना जोडणारा एक बोल्ट उरला. मी त्याला पाना लावला आणि न फिरवताच बाजूला घेतला.

"ये वाला?"

"आजोबांचा."

अंकलनी त्या दोन पट्ट्या तशाच, तिरक्या, डब्यात ठेवल्या.

डब्याचं झाकण आता लागत नाही.