दोन वह्यांचा एक ताळेबंद

मंजुळा रामा तांबे हिला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात आता सगळे ‘तांबे मॅडम’ म्हणतात. हिशेब खात्यात तिच्या हाताखाली चार पुरुष आहेत. चौथीपर्यंत ती माझ्या शाळेत होती, म्हणून हे मी जरा जास्तच वेळा सांगतो असं माझी बायको म्हणते. म्हणू दे. वरंधजवळच्या आमच्या बौद्धवाडीत पस्तीस घरं, आणि त्यातली एकच मुलगी घाट चढून पुण्याला एम.कॉम. करायला गेली. हे तिच्या मास्तराने नाही सांगायचं तर कुणी सांगायचं?

तिचा बाप रामा घाटरस्त्यावर बांधकाम खात्याच्या गँगमध्ये होता. दरड उपसायची, गटारं मोकळी करायची. मंजुळाची एसटी वर जायची तेव्हा तो फावडं धरून कडेला उभा राहायचा, पण हात करायचा नाही. गाडीतल्या लोकांसमोर पोरीला कमीपणा नको, असं त्याच्या मनात. एकदा तिने गाडी थांबवायला लावली, खाली उतरून बापाच्या पाया पडली आणि परत चढली. कंडक्टर करवादला, पण बाकीची गाडी खिडक्यांतून वाकून बघत होती.

हे एक्याऐंशी सालचं. पुण्याला तिला सगळ्यात जड गेला तो समूह कंपन्यांच्या हिशेबाचा पेपर. एक मोठी कंपनी, तिच्या ताब्यात दोन-तीन लहान कंपन्या. प्रत्येकीची वही वेगळी, पण वर्षाअखेर सगळ्यांचा मिळून ताळेबंद एकच काढायचा. पुस्तक इंग्रजी, सर भरभर बोलणारे. पहिल्या चाचणीत तिला पन्नासात अकरा मिळाले. दिवाळीच्या सुट्टीत आली ती पुस्तक पोटाशी धरूनच.

“गुरुजी, तुम्ही नुसतं ऐका,” ती म्हणाली. “तुम्हाला समजावता आलं तर मला आलं म्हणायचं.”

म्हणजे वर्गातला ढ विद्यार्थी मी. शाळेच्या पडवीत बसून मी चार दिवस ऐकलं, पण टोमणे मारायचं सोडलं नाही. “म्हणजे मोठ्या कंपनीनं धाकटीला दिलेले पैसे शेवटी खोडूनच टाकायचे? बरी आहे तुमची विद्या. दिलेले पैसे गायब.”

“गायब नाही, गुरुजी. बापानं लेकीच्या हातात दहा रुपये ठेवले, तर घरात दहा रुपये वाढले का? नुसता खिसा बदलला. दोघांनी आपापल्या वहीत लिहायचे, पण घराचा हिशेब करताना ते दोन्हीकडून काढायचे. नाहीतर तेच पैसे दोनदा मोजले जातात.”

मला कळलं होतं, पण लगेच कबूल करायचा माझा स्वभाव नाही. पुढच्या चाचणीत तिला बेचाळीस मिळाले. तसं तिचं पोस्टकार्ड आलं, ते मी वर्गात चौथीच्या पोरांना वाचून दाखवलं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात शेवटची परीक्षा देऊन ती घरी आली, आणि त्याच आठवड्यात वाडीत ते घडलं. विहार बांधायचा म्हणून दोन वर्षं वर्गणी चालली होती. आमच्याकडे कमिट्या दोन. मुंबईत गिरणी-गोदीत असलेल्यांची मुंबई कमिटी, तिचा चिटणीस श्रीपत. आणि वाडीची गाव कमिटी, खजिनदार रामा. वही लिहिणारा मी. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं, आणि माझ्या वहीत चूक सापडणार नाही असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

बुद्धपौर्णिमेला मुंबईकर आले. सभेत श्रीपतने मुंबईची वही वाचली. बँकेच्या व्याजासकट एकूण जमा नऊ हजार चारशे. मी गावची वाचली. सहा हजार नऊशे. बेरीज सोळा हजार तीनशे, आणि गवंड्याचा अंदाज होता सोळा हजारांचा. टाळ्या झाल्या. मग श्रीपतने बँकेचं पुस्तक काढलं, त्यात पाच हजार दोनशे. रामाने पोस्टाचं काढलं, त्यात सहा हजार नऊशे. दोन्ही मिळून बारा हजार शंभर. बेचाळीसशे रुपये कमी.

“आमी बेचालिसशे गावाकडं पाठवलं,” श्रीपत म्हणाला. “तारखेवार लिवलंय. गावच्या वहीत मुंबईच्या नावाची एक ओल नाय. मंग गेलं कुटं?”

सगळी सभा रामाकडे बघायला लागली. रामा उभा राहिला. “जे माज्या हातात आलं ते पोस्टात गेलं,” एवढंच म्हणाला आणि पोस्टाचं पुस्तक श्रीपतच्या पुढ्यात ठेवून खाली बसला. मागून कुणीतरी बोललं, “पोरगी पुन्याला काय हवेवर शिकते?” ते ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण मीही गप्प बसलो, कारण वही माझी होती आणि तिच्यात खरंच ओळ नव्हती.

घरी रामा बायकोला म्हणाला, “काशी, दोन्ही बैल इकू. मी भरतो.”

मंजुळा तिथेच होती. “बा, तुम्ही भरलेत तर खाल्लेत असंच होईल. मला दोन दिवस द्या.”

तिने दोन्ही वह्या मागितल्या. श्रीपतने नाक मुरडत दिली, मीही देताना मनातून नाराजच होतो. शाळेच्या पडवीत ती दोन दिवस त्या शेजारी शेजारी ठेवून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी मला हाक मारली. मुंबईच्या वहीत सात ठिकाणी ‘गावाकडे रवाना’ होतं. प्रत्येक तारखेनंतर दोन-तीन दिवसांनी माझ्या वहीत तेवढीच रक्कम, पण माणसाच्या नावावर.

आमच्याकडे मुंबईचे पैसे मनीऑर्डरने येत नाहीत. जो गावाला निघेल त्याच्या हाती देतात. तो रामाच्या हातात ठेवायचा, रामा मला सांगायचा, “महिपतनं चारशे आनलं,” आणि मी झोकात लिहायचो, ‘महिपत, रुपये चारशे.’ मग महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचायचो. पैसे कुणाचे हे रामाने विचारलं नाही, मीही नाही; आणलेले पैसे मी दिलेले करून टाकले होते. ज्याचं नाव वाचलं, त्याने कधी नाही म्हटलं नाही. पुढच्या रांगेत बसलेली आई हरखून जायची, तिच्यासमोर कोण नाही म्हणणार?

संध्याकाळी पुन्हा सभा बसली. मंजुळाने एकच कागद आणला होता. आवाज न चढवता ती बोलली. “दोन कमिट्या असल्या तरी विहार एक आहे, म्हणून ताळेबंदही एकच. मुंबईने गावाला दिलेले बेचाळीसशे मुंबईने मोजले, गावानेही मोजले. ते एकदा काढले की बाकी राहतात बारा हजार शंभर. तेवढेच दोन्ही पुस्तकांत आहेत.” मग तिने सातपैकी पहिली नोंद वाचली. “श्रीपतदादा, गेल्या वर्षीच्या शिमग्याला तुमच्या नावावर आठशे आहेत. ते तुमचे स्वतःचे का कमिटीचे?”

श्रीपतची आई गीताबाई पुढेच बसली होती. त्या आठशेंवर तिने वर्षभर वाडीत मान मिरवला होता. श्रीपतने आईकडे बघितलं, मग जमिनीकडे. “कमिटीचं,” तो म्हणाला. त्याच्यामागून महिपत उठला, मग बाकीचे पाच. शेवटी मी उठलो आणि म्हणालो, “चूक माझ्या वहीची आहे. रामाची नाही.” आयुष्यात एवढं अवघड वाक्य मी दुसरं बोललो नाही.

श्रीपत रामापाशी गेला आणि त्याने पोस्टाचं पुस्तक दोन्ही हातांनी पुढे केलं. “काका, खजिनदार तुमीच. नाय म्हनू नका.”

रामाने पुस्तक घेतलं नाही. “आदी तिचं आयका. कागद सपला नाय अजून.”

खरंच, खाली एक ओळ उरली होती. मंजुळाने ती बापाकडे बघत वाचली. “पोस्टाने दोन वर्षांचं व्याज दिलं असणार, साधारण तीनशे रुपये. पुस्तकावर ते चढवून घेतलेलं नाही आणि वहीतही नाही. खजिनदारांनी उद्याच पोस्टात जाऊन चढवून आणावं. हे काम त्यांचं होतं, राहिलं आहे.”

भरल्या सभेत लेकीने बापाची कसूर काढली होती. रामाने सगळ्यांवरून नजर फिरवली, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याची छाती फुगलेली मी पाहिली.

“बगितलं?” तो म्हणाला. “बापालाबी सोडलं नाय. आना आता ते पुस्तक.”