पिवळ्या मुठीचा चाकू

बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलं, की माणसाला एक खोड जडते. समोर आलेल्या कुणालाही 'माहीत नाही' म्हणायचं नाही. गाडी कुठे अडकलीय हे देवालाही ठाऊक नसलं, तरी "वीस मिनिटांत लागेल, दोन नंबरला थांबा" असं ठणकावून सांगायचं. विचारणारा निर्धास्त होऊन बाकावर टेकतो आणि आपण सुटतो. डेपोत ज्याला सगळे चौकशीदादा म्हणत, तो ही खोड रोज संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर घरी घेऊन येई.

घरात छत्री घ्यायची असो की पंखा, शेवटचा शब्द त्याचा. एकदा त्याने अशी गादी घ्यायला लावली की आई सहा महिने खाली सतरंजीवर झोपली. पण गादी वाईट आहे असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. घरात असा एक उंटावरचा शहाणा असला, की बाकीच्यांना स्वतःचं डोकं वापरायची सवयच राहत नाही.

त्याची बहीण, जिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत, तोलूनमापून बोलणारी होती. चाळिशी उलटल्यावर तिला आयुष्यातली पहिली नोकरी लागली, मोठ्या सार्वजनिक बागेत. वेली बांधायच्या, सुतळी कापायची, गुलाबाची कलमं करायची. पंधरा दिवसांत मुख्य माळी म्हणाला, "बाई, तुमचा हात चांगला आहे." असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर ती दोनदा हात धुऊन त्या हातांकडेच बघत बसली होती.

माळ्यानेच सांगितलं, की तुमचा स्वतःचा चाकू आणा. "घडीचा नको. बिजागरीत माती जाते आणि ऐन वेळी उघडत नाही. छोटा, सरळ, न मिटणारा घ्या. म्यानासकट. कमरेला लावून दिवसभर वावरता आलं पाहिजे."

चौकशीदादाने जन्मात कांदासुद्धा चिरला नव्हता. पण त्या रविवारी त्याने मोबाइलवर चाकूंचे अकरा व्हिडिओ पाहिले, आणि दुपारी बहिणीबरोबर दुकानात शिरताना तो अर्ध्या हळकुंडाने चांगलाच पिवळा झाला होता.

दुकानदाराने काचेवर पाच-सहा चाकू मांडले. धाकटीने एकेक उचलला, मुठीत धरला, हवेत हलकेच पुढे रेटून पाहिला. शेवटी एकावर थांबली. पिवळ्या प्लॅस्टिकची खरखरीत मूठ, चार बोटांएवढं साधं पातं, आणि पात्याला लागून मुठीवर एक जाडसर गाठ.

"हा बरा वाटतोय, दादा. बोट इथे अडतं."

"प्लॅस्टिक?" चौकशीदादा मोठ्याने हसला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, तसा त्याला आणखीनच जोर चढला. त्याने काळसर लाकडाच्या गुळगुळीत मुठीचा, चकचकीत पात्याचा चाकू उचलला. "हा बघ. पातं मुठीच्या टोकापर्यंत आत गेलंय. याला म्हणायचं चाकू. ते पिवळं म्हणजे खेळणं आहे."

"चाकू चांगलाच आहे तो, साहेब," दुकानदार म्हणाला. "पण ओल्या हातातून निसटतो. बाईंचं काम पाण्यातलं. गाठ असलेला बरा."

"किती वर्षं झाली तुम्हाला धंद्यात?"

"एकोणीस."

"मी बावीस वर्षं लोकांना माहिती देतोय."

काय बोललो याचा अर्थ त्याला स्वतःलाही लागला नसेल, पण दुकानदाराने नाद सोडला. धाकटीने भावाकडे एकवार पाहिलं, बघणाऱ्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं, आणि पिवळा चाकू काचेवर ठेवून दिला. "दादा म्हणतो तोच द्या," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी सकाळी, नुकतंच पाणी घातलेल्या वाफ्यात, एका जाड फांदीत चाकू अडकला. तिने जोर लावला. ओली मूठ हातातून सुटली आणि हात पुढे सरकून पात्यावर गेला. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आणि मधलं बोट. डॉक्टर म्हणाले, बोटं वाकवणारे आतले दोर तुटलेत, शिवतो, पण पहिल्यासारखं होईल असं नाही.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"माझंच लक्ष नव्हतं," धाकटी म्हणाली.

चौकशीदादा पाण्याची बाटली घेऊन खाटेशी उभा होता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण संध्याकाळी मावशी भेटायला आली, हळहळली, आणि बावीस वर्षांची जीभ आपोआप चालली. "मी सांगितलं होतं तिला, धार आहे, जपून वापर."

असलं काही त्याने सांगितलं नव्हतं. धाकटी डोळे मिटून पडली होती, पण जागी होती. तिच्या पापण्या हललेल्या त्याने पाहिल्या. तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे चार महिने तो घरात मान वर करून वावरला नाही. ती डाव्या हाताने पोलक्याचे हुक लावायला शिकत होती, डाव्या हाताने जेवत होती. ती दोन बोटं सरळच राहिली. कबूल करायचं तो रोज ठरवायचा आणि रोज उद्यावर ढकलायचा. मावशीला खरं सांगायचं, हेही तसंच राहिलं. डेपोत मात्र काही बदललं नाही. वीस मिनिटांत लागेल, दोन नंबरला थांबा.

मग बागेतून निरोप आला. मुख्य माळी म्हणत होता, डाव्या हाताने जमतंय का बघू, महिनाभर येऊन तर पाहा.

"दादा, चाकू घ्यायला येतोस?" धाकटीने विचारलं.

दुकान तेच. दुकानदाराने ओळखलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि न बोलता काचेवर चाकू मांडले. आजही तीन-चार गिऱ्हाइकं होती.

"सांग दादा, कुठला घेऊ?"

चौकशीदादाने एकाही चाकूला हात लावला नाही. सगळ्यांदेखत, खिडकीत बोलायच्या त्याच मोठ्या आवाजात तो म्हणाला, "मला माहीत नाही. तेव्हाही माहीत नव्हतं. मी हातात कधी चाकू धरलेला नाही. तुझी काही चूक नव्हती. बोटं तुझी माझ्यामुळे गेली."



"ठाऊक होतं मला," धाकटी म्हणाली. "पिवळाच चांगला होता."

"मग ऐकलंस कशाला माझं?"

"चार माणसं बघत होती, दादा. त्यांच्यासमोर तुला खोटं पाडायचं माझ्या जिवावर आलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर त्याला बरं वाटलं असतं. दुकानदाराने पिवळ्या मुठीचा चाकू पुढे सरकवला. तिने तो डाव्या हातात धरला, गाठीला बोट टेकवलं, हवेत हलकेच पुढे रेटून पाहिला, आणि दुकानदाराला विचारलं, "डाव्या हाताने उपसायचाय. म्यान उजवीकडे लावता येईल ना?"