हेलिकॉनचं पाणी

आमच्या शेजारच्या गृहस्थांचं काम म्हणजे न बांधलेल्या टॉवर्सना नावं देणं आणि त्यांची ब्रोशर्स लिहिणं. इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्स भागात, आमच्या खिडकीसमोर होणाऱ्या टॉवरचं 'हेलिकॉन' हे नाव त्यांचंच. हा ग्रीक पुराणातला कवींचा डोंगर. तिथे पंखवाल्या घोड्याने टाप मारली आणि झरा फुटला, त्याचं पाणी प्यायलं की कविता सुचते, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत.

दोन हजार आठची मंदी आली. क्रेन गेल्या, पंप बंद पडले आणि पायाच्या खड्ड्यात जमिनीतलं पाणी भरलं. दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. हे गृहस्थ मला म्हणाले, "वहिनी, डोंगर व्हायचा राहिला, पण झरा आला की नाही?"

मग दर शुक्रवारी संध्याकाळी ते आम्हा मराठी मंडळींना त्या खड्ड्याच्या कुंपणापाशी जमवू लागले. थर्मासमधला चहा आणि प्रत्येकाची एक कविता. नियम एकच: त्या आठवड्यात ज्याची नोकरी गेली, त्याने पहिली कविता म्हणायची. त्यामुळे कुणाला काही विचारावं लागत नसे, सांगावंही लागत नसे. कविता कितीही टुकार असो, सगळ्यात मोठ्याने 'वा!' त्यांचंच. स्वतः मात्र कधी म्हणत नसत. "मी ब्रोशरवाला. मला खोट्याची सवय."

एका शुक्रवारी "यल्ला, चला, आज पहिलं कोण?" असं त्यांनी विचारलं, तर कुणीच पुढे येईना. आम्ही खूश होऊन एकमेकांकडे बघू लागलो. तेवढ्यात त्यांनी थर्मास माझ्या हातात दिला, घसा खाकरला आणि स्वतःच कविता सुरू केली.

आम्ही सगळे इतक्या जोरात 'वा!' म्हणालो, की त्यांची पहिली ओळ कुणालाच ऐकू आली नाही.