सोफ्यावरचे उस्ताद

ज्याला बेस गिटार धड ऐकूच येत नाही, तो माणूस बेसवर तासभर व्याख्यान देऊ शकतो, हे मी जरीपटका बाजारात पाहिलं. ‘उस्ताद’ ही पदवी त्यांनी स्वतःच घेतली होती. दुसरं कोणी देण्याची शक्यता नव्हती. कापडाच्या दुकानावर त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता आणि मी तिथे बेस वाजवायचो. म्हणजे त्यांच्या मते बिनकामाचा माणूस. “चारच तारा, त्याही याच्यानं होत नाही,” असं ते गिऱ्हाइकांसमोर सांगत.

यंत्रं भारी होती, पण उस्तादांचा जीव मागच्या कोपऱ्यातल्या सोफ्यात. मिक्सिंग तिथूनच, लोळत, माऊस मांडीवर घेऊन. कोपऱ्यात खालचे सूर साचतात. तिथे बसलं की बेस आहे त्याहून फार मोठा वाटतो. मग उस्ताद म्हणत, “लई घुमून राहिला बे,” आणि माझ्या बेसचा आवाज खाली ओढत. तारांवर घासणाऱ्या बोटांची खरखर म्हणजे घाण. तीही पुसून टाकत. गाणं बाहेर आलं की बाबा खापरखेड्याहून फोन करून विचारत, “तू वाजवलं ते कुठी आहे गा यात?”

सोफा हलवा, असं मी एकदा सुचवलं. “मले ऐकायले शिकवतो काय बे?” विषय संपला.

मग कळमेश्वरच्या एक गायिकाबाई आपलं पहिलंवहिलं गाणं ऐकायला आल्या. सोबत सासूबाई. शेती, स्वयंपाक सांभाळून बसवलेलं गाणं. सोफा पाहुण्यांना द्यावा लागला आणि उस्ताद खोलीच्या मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीवर आले. गाणं सुरू होताच माझ्यावर ओरडले, “बेस कुठी गेला? काहून नाही वाजवला बे?”

सोफ्यावरून सासूबाई म्हणाल्या, “इथं तर चांगला घुमून राहिला जी.”

उस्तादांनी त्यांना उठवलं आणि स्वतः बसले. मग खुर्ची. पुन्हा सोफा. सासूबाई बिचाऱ्या उभ्याच.

नंतर त्यांनी खुर्चीवरूनच काम केलं. बेस वर काढला. मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून खालचे सूर निघत नाहीत; तिथेही बेस कळावा म्हणून बोटांची खरखर परत आणली. माफी मागण्याची पद्धत त्यांच्या घराण्यात नव्हती. पण गाणं उभं राहिलं, आणि बाई रडल्या.

महिनाभरात तो उस्तादांचा स्वतःचा शोध झाला. “जागा बदलून ऐका, ही माझी ट्रिक,” असं मलाही ऐकवून झालं.

पुढे ते मुलीकडे रायपूरला गेले. निघताना स्टुडिओच्या नव्या मालकासमोर माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, “याले बेस मीच शिकवला.” मी खरं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी दुसऱ्या हातानं सोफ्याची पाठ थोपटली.

“हो जी,” म्हणालो, आणि त्यांची बॅग उचलून खाली नेली.