मायनस सहा

दार आतून लावून घेतलंय. घरात कुणी नाही, तरी लावलंय. बायकोला माहीत नाही, क्लासमधल्या कुणाला माहीत नाही — आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगून राहिलोय. तुला लिहूनच सांगतोय. हसू नको.

मी लातुरात फिजिक्स शिकवतो. मूळचा बिलोलीचा, इथं येऊन नाव काढलं. आमच्या गणितात गाडी कधी कुठं असेल याचं सूत्र दिलेलं असतं. त्याचं एकदा डेरिव्हेटिव्ह काढलं की वेग, आणखी एकदा काढलं की त्वरण, म्हणजे वेग कसा बदलतोय ते. वेळेची किंमत घालायची ती सगळ्यात शेवटी. शेवटी! आधी घातली की बट्ट्याबोळ. हे मी इतकं ओरडून सांगतो की पोरं माझी नक्कल करतात. मी एवढा का ओरडतो, ते मात्र कुणी विचारत नाही.

माझं पहिलंच वर्ष होतं. आमच्याकडं रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर निकाल आणि नंबराप्रमाणं बॅच. वरच्या बॅचला मोठे सर. खालच्या बॅचला — काय सांगू, कुणीही. त्या टेस्टची उत्तरं मी काढली होती, चहा पीत, घाईघाईत. पहिल्या सेकंदाला त्वरण किती? मी वेग काढला, त्यातच वेळेच्या जागी एक घालून टाकला. वेग आला शून्य. शून्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. झालं, लिहून मोकळा!

निकाल लागल्यावर पेपर फळ्यावर सोडवून देत होतो, तेव्हा चाकूरची एक पोरगी उभी राहिली. शिवलीला म्हणू तिला — खरं नाव घ्यायची छाती नाही माझी. वडिलांचं गावात किराणा दुकान. वरच्या बॅचमध्ये टिकलीस तर लातूर, न्हाई तर घर, असं त्यांनी बजावून धाडलेलं. घरी स्थळ बघून ठेवलेलं होतं, हे सगळ्या पोरींना माहीत होतं. आणि त्या एका प्रश्नानं ती खालच्या बॅचमध्ये गेली होती.

"सर, माझं मायनस सहा येऊन राहिलंय."

फळ्याकडं बघितलं. चूक मला तिथल्या तिथं दिसली, बरं का. नंतर नाही — तिथंच. मग डस्टर उचलायला काय झालं होतं? मागं दारात क्लासचे मालक उभे होते. माझ्या आधीच्या सरांना त्यांनी चुकीच्या उत्तरापायीच हाकललं होतं. मी भ्यालो. लई भ्यालो. आणि भिऊन काय केलं? तिची चेष्टा केली. "अगं बाई, थांबलेल्या गाडीला कसलं आलंय त्वरण? चाकूरला फिजिक्स वेगळं हाय का?" सगळी बॅच खदखदून हसली. मालकही हसले. ती खाली बसली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. आठवडाभरात तिचे वडील तिला न्यायला आले. ऑफिसात, मालकांच्या समोर, माझ्यापुढं हात जोडून उभे राहिले. "सर, लेक म्हणती तिचं उत्तर बरोबर हाय. तुमी हाव म्हणा, ठिवतो तिला हितंच. तुमच्यावर सोडलं."

हो म्हणायचं होतं, एक शब्द होता. हाव. तेवढाच.

"चुकलंच होतं तिचं," मी म्हणालो. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्याचीच मला आज जास्त भीती वाटते.

आता मलाच मोठे सर म्हणतात. दरवर्षी तो धडा जवळ आला की उत्तरं तीनतीनदा तपासतो. कुणी हात वर केला की आधी फळ्याकडं बघतो. हजेरी घेताना चाकूर दिसलं की छातीत धस्स होतं. कशाला भितोय मी? खुर्चीला? नावाला? की तिलाच?

त्या दिवशी जिना उतरताना ती वळली. वडील पेटी घेऊन पुढं गेले होते. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "सर, वर फेकलेला चेंडू टोकाला थांबतो. तिथं त्वरण शून्य असतं, तर तो खाली कशाला आला असता?"

मी म्हणालो, "जा, वडील वाट बघून राहिलेत."

आणि ती गेली.